नॅशव्हिलमध्ये गीतकार म्हणून पाय रोवायचा असेल तर

"माझं गाणं तयार आहे. आता ते कुणाकडे पाठवू?" कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण दक्षिणेतून आलेल्या संगीताची, गाणी लिहिणारं मराठी माणूस भेटलं, की पहिला प्रश्न हाच येतो. विचारणारे सगळ्या प्रकारचे असतात. कुणी पुण्यात बँकेतली नोकरी सांभाळून रात्री गिटार घेऊन बसतो, तर कुणी डॅलसला मुलं झोपल्यावर वही उघडते. मी स्वतः या संगीताचं केंद्र असलेल्या नॅशव्हिलच्या दक्षिणेला राहते. दिवसा रुग्णालयांच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर काम करते आणि उरलेल्या वेळात गाणी लिहिते. रेडिओवर माझं गाणं अजून लागलेलं नाही, पण या शहरातल्या व्यावसायिक गीतकारांबरोबर एका खोलीत बसून नियमित लिहिण्यापर्यंत मी पोहोचले आहे. तिथवरचा रस्ता मला नीट माहीत आहे, तोच इथे सांगते.

प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते: तयार गाणं कुणाकडेही पाठवू नका. अनोळखी माणसाने न मागता पाठवलेलं गाणं मोठे प्रकाशक सहसा उघडतच नाहीत. त्याला कायदेशीर कारण आहे. उद्या त्यांच्या एखाद्या गाण्यात तुमच्या गाण्याशी साम्य निघालं आणि तुमची फाइल त्यांनी ऐकल्याची नोंद असली, तर चोरीचा दावा लागू शकतो. त्यामुळे पोस्टाने किंवा ईमेलने या धंद्यात शिरता येत नाही. शिरायचं ते माणसांमधून, त्यांच्या शेजारी बसून लिहून. पुढचं सगळं त्याचीच तयारी आहे.

आधी शहराची रीत समजून घ्या

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये सोळाव्या आणि सतराव्या ॲव्हेन्यू साउथच्या आसपासच्या भागाला म्युझिक रो म्हणतात. बाहेरून जुनी बैठी घरं, आत प्रकाशन संस्था, स्टुडिओ, छोटी ऑफिसं. प्रकाशक इथे पुस्तकं छापत नाही, तो गाण्याचे हक्क सांभाळतो आणि गाणं गायकापर्यंत पोहोचवतो. हे पोहोचवणारा माणूस म्हणजे 'प्लगर'. त्याने गाणं ऐकवणं म्हणजे 'पिच', गायकाने ते ध्वनिमुद्रित केलं की झाला 'कट'. प्रकाशकाने पगारासारखी दरमहा रक्कम देऊन बांधून घेतलेला तो 'स्टाफ रायटर'. ती रक्कम मात्र पगार नसते. पुढे मिळणाऱ्या रॉयल्टीतून ती वळती होते, म्हणून तिला 'ड्रॉ' म्हणतात.

आपल्याकडे गीतकार वेगळा आणि चाल लावणारा वेगळा, ही भावगीतांपासूनची सवय आहे. नॅशव्हिलमध्ये 'सॉन्गरायटर' म्हटलं की शब्द आणि चाल दोन्ही आले. दुसरा फरक आणखी महत्त्वाचा: इथे एकट्याने लिहिलेलं गाणं आता दुर्मीळ झालं आहे. दोघं-तिघं सकाळी दहा-अकराला भेटतात आणि दुपारपर्यंत एक गाणं पुरं करतात. त्या खोलीत पुष्कळदा गायक स्वतःच बसलेला असतो. बाहेरून आलेलं गाणं घेण्याचं प्रमाण त्यामुळे घटलं आहे, आणि नवख्या माणसाने नुसता गठ्ठा लिहून ठेवण्यात फारसा अर्थ उरलेला नाही.

ऐकण्याचा अभ्यास

भारतात कंट्री म्हटलं की बहुतेकांच्या कानात जिम रीव्ह्ज असतो. गोव्यात, वांद्र्याच्या जुन्या घरांत, केरळात, ईशान्येत त्याचा आवाज आजही प्रेमाने ऐकला जातो. तो ऐकाच, पण त्याचा विमान अपघातात मृत्यू झाला १९६४ मध्ये. त्या धाटणीचं गाणं आज पिच करता येत नाही.

सध्या रेडिओवर लागणारी दहा-बारा गाणी निवडा. प्रत्येकाचे शब्द हाताने लिहून काढा. टाइप करू नका. हाताने लिहिताना एखादी ओळ का लांबली, एखादा शब्द दुसऱ्यांदा का आला, हे लक्षात येतं. मग समासात खुणा करा. शीर्षक पहिल्यांदा कितव्या सेकंदाला आलं? ध्रुवपद सुरू होताना चाल वर जाते का? दुसऱ्या अंतऱ्यात गोष्ट किती पुढे सरकली? ब्रिज, म्हणजे शेवटच्या ध्रुवपदाआधी एकदाच येणारा वेगळ्या चालीचा तुकडा, आहे का, आणि असला तर तो कोणती नवी गोष्ट सांगतो? प्रत्येक गाण्याच्या गीतकारांची नावंही टिपून ठेवा. काही नावं परत परत येतील. ती माणसं कुठे जाहीरपणे गातात ते शोधा, कारण पुढे तुम्हाला तिथेच जायचं आहे.

शब्द: सगळ्यात जास्त वेळ इथे घाला

कंट्री गाणं शीर्षकापासून सुरू होतं. शीर्षक म्हणजेच 'हुक'. ते ध्रुवपदात येतं, बहुधा शेवटच्या ओळीत, आणि सगळं गाणं त्या ओळीकडे चाललेलं असतं. चांगल्या शीर्षकात एक सोय असते: शब्द तेच राहतात आणि प्रत्येक अंतऱ्यानंतर त्यांचा अर्थ थोडा बदलतो.

माझ्याच एका गाण्यावरून दाखवते. शीर्षक होतं 'की अंडर द मॅट', पायपुसण्याखाली ठेवलेली किल्ली. पहिला अंतरा असा: आई रात्रपाळीला खाणावळीत काम करते, मुलगा शाळेतून एकटा येतो, किल्ली पायपुसण्याखाली. दुसरा अंतरा: मुलगा मोठा झाला आहे, आईशी भांडून महिनोन्‌महिने घरी फिरकलेला नाही, एका रात्री दोन वाजता येतो, आणि किल्ली जिथल्या तिथे. इथवर ठीक होतं. तिसऱ्या भागात मी लिहिलं होतं की आई गेली, घर सुनं झालं, मन भरून आलं. हे सगळं खरं असतं, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही.

माझ्याबरोबर लिहिणाऱ्या एका गृहस्थांनी केंटकीतलं वडिलांचं घर नुकतंच विकलं होतं. ते म्हणाले, घर विकायला काढलं की एजंट दाराच्या मुठीला एक लॉकबॉक्स अडकवतो. आकड्यांचं कुलूप असलेली ती छोटी डबी. घर बघायला येणाऱ्यांसाठी किल्ली त्यात ठेवलेली असते. बस, तिसरा भाग सापडला. मुलगा दारापाशी येतो, मुठीला लॉकबॉक्स लटकतोय, त्याचे आकडे त्याला ठाऊक नाहीत. तो वाकून पायपुसणं उचलतो. अश्रू, हृदय, आठवण यांतला एकही शब्द वापरावा लागला नाही. जी भावना सांगायची आहे तिचं नाव घेऊ नका, ती ज्या वस्तूला चिकटली आहे ती वस्तू दाखवा. कंट्रीत हे इतर कुठल्याही लोकप्रिय गाण्यापेक्षा जास्त लागू पडतं, कारण या गाण्यांचा श्रोता गोष्ट ऐकायला बसलेला असतो.

त्याच गाण्यात आणखी एक अडचण निघाली, आणि ती कागदावर दिसणारी नव्हती. 'मॅट' हा शब्द गाताना लांबवता येत नाही. स्वर आखूड, शेवटी ट्, आवाज तिथेच तुटतो. ध्रुवपदाची शेवटची ओळ म्हणजे गायकाने मोकळा आवाज सोडायची जागा. म्हणून ओळ फिरवून तिचा शेवट 'द की आय लेफ्ट फॉर यू' असा केला. 'यू' वर आवाज हवा तितका धरता येतो. तुमच्या प्रत्येक ध्रुवपदाचं शेवटचं अक्षर मोठ्याने, श्वास संपेपर्यंत धरून बघा. आ, ओ, ऊ, ए असे उघडे स्वर टिकतात.

आता मराठी कानाला खास सावध करते. आपली कविता लघू-गुरूवर, मात्रांवर चालते. अभंग, ओवी, भावगीत ऐकून वाढलेला माणूस नकळत अक्षरं मोजतो. इंग्रजी ओळ आघातावर चालते. 'रिमेंबर' या शब्दात जोर 'मेम'वर आहे, 'टुनाइट'मध्ये 'नाइट'वर, 'हायवे'मध्ये 'हाय'वर. अक्षरं अगदी बरोबर बसली आणि ठेक्याची सम 'रि'वर पडली, तर अमेरिकन श्रोत्याला ती ओळ परकी वाटते. काय चुकलं हे त्यालाही सांगता येणार नाही. यावर उपाय सोपा आहे. ओळ चालीशिवाय, बोलल्यासारखी म्हणा. आवाज जिथे जड होतो तिथे टाळी वाजवा. चालीतला ठोका त्याच अक्षरांवर यायला हवा. तरी शंका राहिली तर तिथेच जन्मलेल्या कुणाला तरी ती ओळ वाचायला द्या आणि नुसतं ऐका.

यमकाच्या बाबतीत मात्र आपण गरजेपेक्षा कडक असतो. 'होम' आणि 'अलोन', 'टाइम' आणि 'लाइन' अशी स्वरापुरती जुळणारी यमकं इथे सर्रास चालतात. नेमकं यमक साधायला ओळीचा अर्थ वाकवणं चालत नाही.

विषय कुठले घ्यावेत? ट्रक, बिअर आणि मातीचा रस्ता तुम्ही जगला नसाल तर उसने आणू नका. खोट्या दक्षिणी उच्चाराचे शब्दही नकोत. आटलेली विहीर, कर्जाचा हप्ता, शेत विकून शहरात गेलेला भाऊ, रात्रीच्या एसटीत बसवून देताना खिडकीतून डबा देणारी आई, हे सगळं सांगली-सोलापूरच्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागत नाही. टेनेसीतल्या शेतकऱ्यालाही ते ओळखीचं आहे. एसटीच्या जागी ग्रेहाउंडची बस आणायची की नाही, ते गाण्यातला माणूस कोण आहे यावर ठरवा. डेहराडूनच्या बॉबी कॅशने भारतात राहून कंट्री गायलं आणि ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थच्या कंट्री महोत्सवाच्या मंचापर्यंत नेलं. परका माणूस म्हणून हे संगीत कुणाला दार लावून घेत नाही.

चाल आणि आकड्यांची भाषा

तीन-चार कॉर्ड्स येत असतील तर सुरुवात करता येते. त्याबरोबर नॅशव्हिल नंबर सिस्टिम शिकून घ्या, कारण खोलीत सगळे तीच बोलतात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जॉर्डनेअर्स या गायकवृंदातल्या नील मॅथ्यूज ज्युनियरने ती आपल्या साथीदारांसाठी वापरायला सुरुवात केली. पुढे चार्ली मकॉय आणि इतर वादकांनी ती स्टुडिओत रुळवली. कॉर्डचं नाव लिहायचं नाही, पट्टीतला तिचा क्रमांक लिहायचा. जी पट्टीत जी म्हणजे १, सी म्हणजे ४, डी म्हणजे ५. मायनर कॉर्डपुढे उणे चिन्ह, म्हणजे ६-. आकड्याभोवती हिऱ्याची चौकट काढली, की कॉर्ड एकदा वाजवून घुमू द्यायची.

सारेगम शिकलेल्या माणसाला हे तासाभरात कळतं. पेटीवर काळी एक असो की पांढरी चार, सा हलला तरी सरगम तीच राहते. इथे सा, म, प च्या जागी १, ४, ५ आहेत. गायकाने ऐनवेळी पट्टी बदलली तरी कागद तोच राहतो. पूर्ण गाण्याचा तक्ता एका पानात मावतो. पहिल्या को-राइटला, म्हणजे इतरांबरोबर बसून गाणं लिहायला, जाताना तुमच्या गाण्याचा असा तक्ता हाताशी असला, तर तुम्ही तयारीने आला आहात हे समोरच्याला न सांगता कळतं.

चालीबद्दल एवढंच पाहा: अंतरा बोलण्याच्या जवळ, खालच्या सुरांत, ध्रुवपद वर, आणि तिथे सूर लांब. अंतरा आणि ध्रुवपद एकाच उंचीवर फिरत असतील तर शब्द कितीही चांगले असले तरी गाणं सपाट लागतं. लांबी तीन ते साडेतीन मिनिटं पुरे.

पुन्हा लिहिणं

जॉर्ज जोन्सने १९८० मध्ये गायलेलं 'ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे' कंट्रीतल्या सर्वोत्तम गाण्यांत मोजलं जातं. ते लिहिलं बॉबी ब्रॅडक आणि कर्ली पुटमन यांनी. दोघंही नावाजलेले, हातात हिट गाणी असलेले. तरीही निर्माता बिली शेरिलने त्यांच्याकडून ते पुन्हा पुन्हा लिहून घेतलं, आणि गाण्यातला माणूस वारल्यावर त्याची जुनी प्रेयसी त्याला शेवटचं भेटायला येते तो भाग त्या फेरलेखनातून आला. हे उदाहरण मी मुद्दाम देते, कारण हौशी गीतकार पहिल्या खर्ड्यावर जीव लावून बसतो.

अभिप्राय कुठे मिळेल? नॅशव्हिल साँगरायटर्स असोसिएशन इंटरनॅशनल, म्हणजे एनएसएआय, ही १९६७ मध्ये स्थापन झालेली गीतकारांची संस्था आहे. सभासदांची गाणी ऐकून व्यावसायिक गीतकार लेखी किंवा ध्वनिमुद्रित अभिप्राय देतात. ऑनलाइन कार्यशाळाही होतात, त्यामुळे नाशिकला बसूनही सभासदत्वाचा उपयोग होतो. अमेरिकेतल्या बऱ्याच शहरांत संस्थेच्या शाखा आहेत. ह्यूस्टन किंवा शिकागोला राहणाऱ्याने आधी जवळची शाखा गाठावी. अभिप्राय आला की लगेच उत्तर देऊ नका. दोन वेगळ्या माणसांनी एकाच ओळीवर बोट ठेवलं, तर ती ओळ बदला. त्यांनी सुचवलेला उपाय पटला नाही तरी हरकत नाही. दुखणं खरं असतं, औषध तुम्ही शोधा.

डेमो

सुरुवातीला फोनवर केलेलं स्वच्छ ध्वनिमुद्रण पुरतं. एक गिटार, एक आवाज, शब्द स्पष्ट. याला 'वर्क टेप' म्हणतात आणि मोठे गीतकारही रोज हेच करतात. पूर्ण वाद्यवृंदाच्या डेमोवर पैसे घालण्याची घाई करू नका. इथले स्टुडिओ वादक इतके तयारीचे असतात की तीन तासांच्या सत्रात चार-पाच गाणी सहज वाजवून होतात. तो खर्च कुणी जाणत्याने "याचा डेमो करा" म्हटल्यावर करावा. आवाज गाण्याला साजेसा नसेल तर डेमो गाणारा गायक मानधन देऊन मिळतो. एआयने केलेल्या डेमोंचा सध्या सुळसुळाट आहे. ते वापरायचे की नाही हे तुम्ही ठरवा, पण मानवी कर्तृत्व नसलेल्या भागाला अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालय संरक्षण देत नाही, हे ध्यानात असू द्या. शब्द आणि चाल तुमचीच हवी.

हक्क आणि पैसा

गाणं कागदावर किंवा ध्वनिमुद्रणात उतरलं त्या क्षणी कॉपीराइट तुमचा होतो. तो गीतकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ७० वर्षं टिकतो. भारतात मृत्यूनंतरची मुदत ६० वर्षं आहे. अमेरिकेत नोंदणी सक्तीची नाही, मात्र तिथे निर्माण झालेल्या कृतीसाठी न्यायालयात जायचं तर नोंदणी आधी लागते. २०२० मध्ये ठरलेल्या दराप्रमाणे एका लेखकाच्या एका कृतीला ऑनलाइन ४५ डॉलर पडतात. प्रत्येक खर्डा नोंदवत बसू नका. बाहेर जाणारी गाणी नोंदवा.

पैसे मुख्यतः दोन वाटांनी येतात. रेडिओवर, मंचावर, स्ट्रीमिंगवर गाणं वाजलं की सादरीकरणाची रॉयल्टी. ती ॲस्कॅप, बीएमआय आणि सेसॅक यांसारख्या संस्था गोळा करतात. एका वेळी एकाच संस्थेत राहता येतं; सेसॅक निमंत्रणाने घेते. भारतात राहणाऱ्याने आयपीआरएसचं, म्हणजे इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं, सभासद व्हावं. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या मुंबईच्या संस्थेचे परदेशी संस्थांशी करार आहेत. अमेरिकी रेडिओ गाणं वाजवल्याबद्दल गीतकाराला पैसे देतो, गायकाला देत नाही, हेही जाता जाता सांगते. गायक स्वतःचं नाव गीतकारांत यावं म्हणून का धडपडतात, ते त्यावरून कळेल.

दुसरी वाट मेकॅनिकल रॉयल्टीची: प्रत्येक सीडी, रेकॉर्ड किंवा डाउनलोडमागे कायद्याने ठरलेली रक्कम. २००६ ते २०२२ ती ९.१ सेंट होती, २०२३ मध्ये १२ झाली, २०२५ मध्ये १२.७. १२.७ धरून हिशेब करून पाहा. तिघांनी लिहिलेलं गाणं, म्हणजे तुमच्या वाट्याला ४.२ सेंट, त्यातला निम्मा प्रकाशकाचा, उरले २.१ सेंट. स्ट्रीमिंगचा हिशेब वेगळ्या सूत्राने होतो आणि गाणं एकदा वाजल्यामागे हाती पडणारी रक्कम याहूनही खूप लहान असते. ती गोळा करायला अमेरिकेत २०२१ पासून मेकॅनिकल लायसन्सिंग कलेक्टिव्ह काम करते, आणि तिचं मुख्यालयही नॅशव्हिललाच आहे. खरा पैसा रेडिओवरच्या हिट गाण्यात आहे. म्हणून नोकरी सोडून इथे येऊ नका.

प्रकाशन हक्कांचं मोल कळायला कंट्री गायिका आणि गीतकार डॉली पार्टनचं उदाहरण पुरेसं आहे. १९७४ मध्ये तिने लिहिलेलं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू' गाजत असताना एल्व्हिस प्रेस्लीला ते गायचं होतं. त्याच्या व्यवस्थापकाने अट घातली की प्रकाशनाचे निम्मे हक्क द्यावे लागतील. एल्व्हिसने आपलं गाणं गाणं म्हणजे केवढी गोष्ट! तरी तिने नकार दिला. १९९२ मध्ये व्हिटनी ह्यूस्टनने ते गायलं तेव्हा हक्क डॉलीकडेच होते.

तुमच्याकडे अशी मागणी आली तर तुम्ही डॉली पार्टन नाही, हे खरं. काही ठिकाणी हक्क सोडावेही लागतात, प्रकाशकाशी करार म्हणजे तेच असतं. पण एक रेघ पक्की ओढा: खरा प्रकाशक गीतकाराकडून पैसे मागत नाही. "तुमचं गाणं निवडलं गेलं आहे, ध्वनिमुद्रणासाठी इतके डॉलर भरा" असा ईमेल आला तर तो उडवून टाका. ही फसवणूक फार जुनी आहे, नवे लोक रोज तिला बळी पडतात आणि मला त्याची मनापासून चीड येते.

को-राइटची खोली

सुरुवात आपल्या बरोबरीच्यांपासून करा. इथे त्याला 'आपला क्लास' म्हणतात. एकाच वेळी शहरात आलेले, एकाच ओपन माइकला, म्हणजे नाव नोंदवून कुणालाही गाता येतं अशा कार्यक्रमाला, भेटणारे लोक पुढे एकत्र वर जातात. आज कुठल्याही कंपनीशी करार नसलेली बावीस वर्षांची गायिका तुमच्याबरोबर आनंदाने लिहील. तिला करार मिळाला की त्या अल्बममध्ये तुमचं गाणं असण्याची शक्यता कुठल्याही पिचपेक्षा जास्त आहे.

खोलीत जाताना तीन-चार शीर्षकं आणि एखाद-दुसरा चालीचा तुकडा बरोबर न्या. वेळेवर पोहोचा. पहिला अर्धा-पाऊण तास गप्पांत जाईल. त्याला वेळ वाया घालवणं समजू नका, गाणं बहुधा त्या गप्पांतूनच निघतं. दुसऱ्याची ओळ आवडली नाही तर नुसतं "नको" म्हणू नका, पर्याय सुचवा, नाहीतर गप्प राहून विचार करा. हिस्सा समान, ही नॅशव्हिलची जुनी रीत आहे. खोलीत तिघं असतील तर प्रत्येकी एक तृतीयांश, मग एकाने चारच शब्द दिलेले असोत. शब्द मोजणाऱ्याला पुन्हा बोलावत नाहीत. त्याच दिवशी स्प्लिट शीट भरा: गाण्याचं नाव, तारीख, प्रत्येकाचं कायदेशीर नाव, टक्केवारी, संस्था, सह्या. मैत्रीत हे कसं विचारायचं, असा संकोच नको. इथे त्याचं कुणाला वाईट वाटत नाही.

भारतातून हे व्हिडिओ कॉलवर होऊ शकतं. नॅशव्हिलला सकाळचे दहा वाजतात तेव्हा भारतात उन्हाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि हिवाळ्यात साडेनऊ झालेले असतात. जेवण आटोपून बसण्याजोगी वेळ आहे. फक्त दोघांनी एकाच वेळी वाजवू नका, आवाज मागे-पुढे होतो. एकाने वाजवावं, दुसऱ्याने माइक बंद करून बरोबर गावं.

नॅशव्हिलची पहिली फेरी

लोअर ब्रॉडवेवरचे झगमगते बार पहिल्या संध्याकाळी बघून घ्या आणि नंतर तिथे वेळ घालवू नका. तिथे बहुतांशी गाजलेली गाणी वाजतात. गीतकार भेटतात ते ब्लूबर्ड कॅफे आणि लिसनिंग रूम यांसारख्या ठिकाणी.

ब्लूबर्ड १९८२ मध्ये एमी कर्लंडने सुरू केलं. हिल्सबरो पाइकवर दुकानांच्या रांगेत आहे, बाहेरून सहज नजरेतून सुटेल. आत जेमतेम नव्वद खुर्च्या. १९८५ मध्ये डॉन श्लिट्झ, टॉम स्कायलर, फ्रेड नॉब्लॉक आणि पॉल ओव्हरस्ट्रीट या गीतकारांनी इथे मंच सोडून मधोमध गोल करून बसायला सुरुवात केली. चौघांनी आळीपाळीने आपापलं गाणं म्हणायचं, श्रोते भोवती. ही 'इन द राउंड' पद्धत पुढे सगळीकडे पसरली. २००८ पासून कॅफे एनएसएआयकडे आहे. गाणं चालू असताना बोलणाऱ्याला इथे लगेच गप्प करतात. सोमवारी ओपन माइक असतो, त्यात एक-दोन गाणी म्हणता येतात; रविवारच्या रायटर्स नाइटसाठी आधी ऑडिशन लागते. नावनोंदणीचे नियम निघण्यापूर्वी त्यांच्या संकेतस्थळावर पाहून घ्या, जागा पटापट भरतात. स्वतः गाऊन झालं की उठून जाऊ नका, शेवटपर्यंत बसा आणि ज्याचं गाणं आवडलं त्याला नेमकी कुठली ओळ आवडली ते सांगा. तुमचे पहिले को-राइट त्यातूनच ठरतील.

जमलं तर वसंतात 'टिन पॅन साउथ'च्या आठवड्यात या. एनएसएआयचा हा गीतकार महोत्सव १९९३ पासून होतो आणि शहरभर रोज रात्री राउंड्स चालतात. भारतातून येणाऱ्यांसाठी: पर्यटक व्हिसावर मानधन घेऊन गाता येत नाही आणि नोकरीही करता येत नाही. कार्यशाळा, ऐकणं, भेटीगाठी यासाठी तो पुरतो. करारापर्यंत गोष्ट गेली तर वकिलाला विचारा.

गाणं कुणाला आवडलं तर

डॉन श्लिट्झ रात्रपाळीला व्हँडरबिल्ट विद्यापीठात संगणक चालवायचा. त्या दिवसांत, १९७६ मध्ये, त्याने 'द गॅम्बलर' लिहिलं. म्युझिक रोवर ते बराच काळ फिरलं, काहींनी ध्वनिमुद्रितही केलं आणि ते चाललं नाही. १९७८ मध्ये केनी रॉजर्सने गायलं तेव्हा ते जगभर गेलं. चांगल्या गाण्यालाही इतका वेळ लागतो, हे गृहीत धरून तयारी ठेवा.

एखाद्या प्रकाशकाने फक्त एका गाण्यासाठी करार देऊ केला तर त्यात 'रिव्हर्जन'चं कलम आहे का ते पाहा. ठरलेल्या मुदतीत, समजा दीड-दोन वर्षांत, गाणं ध्वनिमुद्रित झालं नाही तर हक्क तुमच्याकडे परत यायला हवेत. हे कलम नसलेल्या कागदावर सही करू नका. आणि सही करण्यापूर्वी संगीत क्षेत्रातल्या वकिलाला दाखवा, ओळखीतल्या कुठल्याही वकिलाला नव्हे.

गायकाच्या बाजूने "आम्ही हे होल्डवर ठेवतो" असा निरोप आला, तर अर्थ इतकाच की ते विचार करत आहेत, तोवर दुसऱ्या कुणाला दाखवू नका. होल्ड बहुधा तोंडी असतो, त्याचे पैसे मिळत नाहीत आणि महिनोन्‌महिने चालू शकतो. तरी तो पाळायचा असतो, आणि तुम्हाला तो पाळता येतो, कारण गाणं पहिल्यांदा कुणी ध्वनिमुद्रित करायचं हे ठरवण्याचा हक्क मालकाचा. एकदा ते बाजारात आलं की ठरलेली रॉयल्टी भरून कुणीही आपली आवृत्ती काढू शकतो. होल्ड कधी सुरू झाला ते तारखेसह लिहून ठेवा आणि सहगीतकारांना त्याच दिवशी कळवा. सुटला की वर्क टेप, शब्दांची स्वच्छ प्रत, नंबरचा तक्ता आणि स्प्लिट शीट एका फोल्डरमध्ये तयार असू द्या. प्लगर पुढच्या पिचसाठी सकाळी मागतो तेव्हा त्याला ते दुपारच्या आत हवं असतं.